घाई कुणाची

आमच्या भागात विहिरीचं काम दोन रीतीनं देतात, रोजानं नाहीतर उक्तं. रोजानं दिलं की मालकाचा जीव खालीवर होतो. तंबाखू मळायला दहा मिनिटं, पाणी प्यायला पंधरा, आणि दिवस मावळेपर्यंत खडक होता तिथंच. उक्तं दिलं की फुटावर भाव ठरतो, मग मालक सकाळी एकदा काठावरनं डोकावून गेला तरी भागतं. काम आपोआप पळतं, कुणाला ओरडावं लागत नाही. म्हणून उक्त्याची रीत सगळ्यांना आवडते, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

उक्त्याचा कागद स्टॅम्पवर होतो. पूर्वी शंभराचा लागायचा, आता पाचशेचा. त्यात घेर, खोली, भाव, उचल सगळं लिहिलेलं असतं आणि शेवटाकडं एक ओळ असते, की काम करताना कुणाच्या जिवाचं बरंवाईट झालं तर विहीरमालक जबाबदार नाही. खाली खणणाऱ्याची सही नाहीतर अंगठा. मला या ओळीबद्दल लिहायचं आहे. पण तिचा अर्थ मला विहिरीच्या काठावर कळला नाही. सोन्याच्या खाणीत राबलेल्या एका माणसाकडून कळला, म्हणून आधी सोन्याचं सांगतो.

माझ्या थोरल्या अक्काचे मालक, आमचे दाजी, बहात्तरच्या दुष्काळानंतर गाव सोडून दक्षिणेकडं गेले आणि फिरत फिरत एका लहानशा सोन्याच्या खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली लागले. अठरा वर्षं तिथं राहिले. कोणती खाण ते इथं घालत नाही. कोलार नव्हे आणि हट्टीही नव्हे, एवढं सांगतो. कोलारची गोष्टच वेगळी. तिथं १८८० च्या सुमारास इंग्रज कंपनीनं यंत्रानं खोदायला सुरुवात केली, १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज खाणीसाठी आणली, खोली तीन किलोमीटरच्या पलीकडं गेली, आणि २८ फेब्रुवारी २००१ ला सगळं बंद झालं. एवढ्या खोलीत दाबानं खडकच फुटून अंगावर यायचा आणि त्याचे हादरे वर गावातल्या घरांना बसायचे. हट्टी त्या मानानं आमच्या जवळची, रायचूर जिल्ह्यातली. १९५६ पर्यंत तो मुलूख आणि आमचा मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या भागात जुन्या काळच्या माणसांनी खडकावर जाळ करायचा, तापला की पाणी मारायचं आणि तडकलेला दगड काढायचा, अशा रीतीनं शेकडो फूट खोल भुयारं नेलेली आहेत. तिथनं जवळच मस्कीला अशोकाचा शिलालेख आहे. १९१५ मध्ये तो सापडला एका सोन्याच्या खाणीच्या इंजिनिअरला. सोनं हुडकायला गेलेल्या माणसाला राजाचं नाव सापडलं. त्या राजाच्या काळात खाली उतरणाऱ्यांची नावं अर्थातच कुणी कोरून ठेवलेली नाहीत.

सोन्याची खाण म्हटलं की माणसाला वाटतं, भिंती चमकत असतील. दाजी हसायचे. "अठरा वर्सात म्या सोनं डोळ्यानं दोनदा बगितलं पावणं, आन तेबी सुईच्या टोकायेवढं." काळ्या खडकात गारगोटीची शीर असते, कुठं हातभर रुंद, कुठं वीतभर. त्या गारगोटीत सोनं मिसळलेलं. टनाला चार-पाच ग्रॅम निघालं तरी खाण चालवतात. म्हणजे एका तोळ्याला दोन-अडीच टन दगड, आपल्या भाषेत अर्ध्या ब्रासच्या आसपास. तो फोडायचा, पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या पाण्यात कालवायचा, तेव्हा ते सोनं सुटतं. मी हा हिशोब ऐकल्यापासून लग्नाच्या मांडवात कुणाच्या गळ्याकडं बघितलं की मला ब्रासचा आकडा आठवतो. बायको म्हणते, तुम्हाला कुठं न्यायची सोय नाही.

आता लहान खाणीची अडचण बघा. शिरेच्या बाजूनं जेवढं खोदाल तेवढं सोनं. पण खाण सुरक्षित ठेवायची तर जे जे लागतं त्यात सोन्याचा कणही नसतो. बाहेर पडायला दुसरी वाट काढायची, तर ती बिनसोन्याच्या खडकातून काढावी लागते. हवा खेळायला वेगळं भोक पाडावं लागतं. डोक्यावरचा खडक धरून ठेवायला लाकडाचे टेकू, लोखंडी बोल्ट, जाळी. पाणी उपसायचा पंप रात्रंदिवस. हे सगळं नुसतं खर्चाच्या बाजूला. आणि सगळ्यात अवघड म्हणजे खांब. खोदत जाताना मधे मधे खडकाचे खांब जागच्या जागी सोडावे लागतात, त्यांच्यावर वरचा भार असतो. त्या खांबातही तीच गारगोटी, तेच सोनं. रोज येता-जाता दिसतंय, पण हात लावायचा नाही. दुष्काळात कणगीत बियाण्याचं जोंधळं ठेवलेलं असावं आणि घरात पोरं उपाशी असावीत, तसं. मोठ्या कंपनीला ते न बघितल्यासारखं करता येतं, तिच्याकडं दुसरीकडं खोदायला जागा असते. लहान खाणीचा महिना भरत नसला की पहिली नजर खांबाकडं जाते. दाजींच्या खाणीत दोन खांब असेच चारी बाजूंनी तासून बारीक केलेले होते. त्यांना तिथं 'डमरू' म्हणायचे.

खाली काम करणाऱ्याला धोका कळत नाही असं वरच्यांना वाटतं. उलट त्यालाच कळतो. दाजी पहारीनं वरचा खडक ठोकून बघायचे. आपण बाजारात मडकं घेताना वाजवून बघतो ना, तसंच. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर मधे भेग आहे, तो सुटणार. लाकडी टेकू त्यांना लोखंडापेक्षा आवडायचे. लोखंड मजबूत खरं, पण मुकं. लाकडावर भार वाढला की ते करकरतं, माणसाला पळायला चार घटका मिळतात. सुरुंग लावले की किती भोकं भरली ते लक्षात ठेवायचं आणि लांब उभं राहून आवाज मोजायचे. अकरा भरले आणि दहा वाजले तर एक आत जिवंत आहे. त्या भोकात किंवा त्याच्या शेजारी नवं भोक पाडायला घेतलं की संपलं. म्हणून थांबायचं, अर्धा तास तरी थांबायचं. धूरही निघून जाऊ द्यायचा, कारण त्या धुरानं माणूस उभ्या उभ्या खाली बसतो आणि परत उठत नाही. आमच्याकडं विहीर खणणाऱ्या वडार मंडळींना हे सगळं कुठल्या शाळेत न जाता माहीत असतं.

माहीत असून मग माणसं मरतात कशी? दाजींनी मला एकदा सविस्तर सांगितलं. अक्काला कधी सांगितलं नव्हतं.

महिनाअखेर होती. ठेकेदाराला कंपनी मीटरवर पैसे द्यायची, ठेकेदार पुढं टोळीला मीटरवर द्यायचा. ठरल्यापेक्षा दोन मीटर कमी पडत होते. ते दोन मीटर झाले तर टोळीला महिन्याच्या वर काही रक्कम मिळणार होती, नाही झाले तर काहीच नाही. त्या दिवशी सकाळी दाजींनी पहार मारली तर एका जागी बद्द वाजलं. त्यांनी मिस्त्रीला दाखवलं. मिस्त्री माणूस वाईट नव्हता. त्यानं वर जाऊन वहीत नोंद केली, की अमुक ठिकाणी भेग आढळली, कामगारांना सूचना दिली. बोल्ट मारायची माणसं सोमवारी येणार होती. तो दिवस शनिवारचा. ठेकेदार खाली आलाच नाही, त्यानं वरनं निरोप पाठवला: तुमची मर्जी, नाही तर पलीकडची टोळी तयार आहे.

दाजी आणि त्यांचे तिघं जोडीदार पाचेक मिनिटं तिथंच बसले. मग उठले. भेगेखाली उभं न राहता बाजूनं काम करू, असं ठरलं. दोन तास तसं केलंही. पण बाजूनं हात पोचेना, मीटर काही सरकेना. त्यांच्यात एक आंध्राकडचा पोरगा होता, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तो म्हणाला, मी पटकन दोन भोकं मारतो. दुसरं भोक अर्ध्यात असताना शिळा आली. कमरेखाली सापडला. तिसऱ्या दिवशी गेला.

चौकशी झाली. वही पुढं आली. वहीत काय लिहिलेलं होतं? कामगारांना सूचना दिली. मग कागद असा झाला, की धोका माहीत असूनही कामगार स्वतः त्या जागी थांबला, निष्काळजीपणा त्याचा. बचावासाठी ठेवलेली वही त्याच्यावरच उलटली. मॅनेजरनं त्या वहीवर रोज सही केलेली होती. महिन्यात एकदासुद्धा तो त्या जागी उतरला नव्हता, पण सही एकही चुकली नव्हती. खाणीच्या दारात फलक होता, अपघाताविना किती दिवस झाले त्याचा. किरकोळ लागलेल्या माणसाला घरी न पाठवता हजेरी लावून ऑफिसात बसवून ठेवायचे, म्हणजे आकडा मोडत नसे. पोरगा गेला तेव्हा मात्र तो पुसावाच लागला.

मी दाजींना विचारलं, "दाजी, मग मारलं कुणी म्हणायचं?"

ते म्हणाले, "मिस्त्रीनं लिवलं. मॅनेजरनं सही केली. ठेकेदार म्हनला, तुमची मर्जी. कुनी ढकललं न्हाई पावणं. घाई आमीच केली."

"पण घाई तुमची होती का?"

बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हातात आली तवा आमचीच हुती. कुटून आली ते त्या टायमाला कोन बगतंय?"

हे बोलणं ऐकल्यावर मला उक्त्याचा अर्थ लागला. रोजानं काम असलं की घाई मालकाची असते आणि ती उघडी दिसते. तो काठावर उभा राहून ओरडतो, उरका रे. खालच्याला त्याला शिव्या देता येतात, अंग चोरता येतं, थांबता येतं. उक्तं दिलं की मालक आपली घाई कागदात घालून खालच्याच्या खिशात ठेवतो. मग तो ओरडत नाही, गोड बोलतो, 'सांभाळून करा' म्हणतो. खालचा माणूस स्वतःच पळायला लागतो, कारण आता थांबलं तर त्याचंच पोट मारलं जातं. आणि काही झालं की सगळे म्हणतात, बघा, सांगत होतो सांभाळून करा म्हणून, ऐकलं नाही. तो खोटं बोलत नसतो. त्यानं खरंच सांगितलेलं असतं. जो धोक्यात नाही त्यानं घाई द्यायची आणि जो धोक्यात आहे त्यानं ती आपली म्हणून घ्यायची, ही त्या रीतीतली मेख आहे.

मला कुणी म्हणेल, अडाणी ठेकेदार आणि जुना काळ, म्हणून असं झालं. तर २००६ चं एक उदाहरण सांगतो. त्या वर्षी पेपरात रोज बातमी यायची आणि पुढं माझ्या मुलानं त्याची सगळी माहिती काढून मला वाचून दाखवली. ऑस्ट्रेलियात टास्मानिया नावाचं बेट आहे, तिथं बीकन्सफील्ड या लहान गावात सोन्याची खाण होती. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली, पाण्यानं हैराण होऊन १९१४ मध्ये बंद पडलेली आणि १९९० नंतर पुन्हा उघडलेली. तिथं यंत्रं, बोल्ट, जाळ्या, हादरे मोजायची साधनं, शिकलेले इंजिनिअर, सगळं होतं. ऑक्टोबर २००५ मध्ये त्या खाणीत दरडी कोसळल्या. काम थांबवलं, पद्धत बदलली, पुन्हा सुरू केलं. २५ एप्रिल २००६ च्या रात्री जमिनीला लहानसा हादरा बसला आणि ९२५ मीटर खोलीवर दरड आली. खाली सतरा जण होते. चौदा निघाले. एक जण, लॅरी नाईट, जागीच गेला. टॉड रसेल आणि ब्रँट वेब हे दोघं यंत्राच्या पुढच्या लोखंडी पिंजऱ्यात उभे होते, त्या पिंजऱ्यावर दगड साचले आणि त्यातच ते अडकले. पाच दिवस कुणाला ते जिवंत आहेत हेही माहीत नव्हतं. दोघांत खायला एक कांडी, दाण्यांची असते ती, आणि खडकातून झिरपणारं पाणी. ९ मेच्या पहाटे त्यांना काढलं. चौदा दिवस झाले होते. दोघं आपल्या पायांनी चालत आले आणि खाली गेलेल्यांचे बिल्ले जिथं टांगतात त्या फळीवरनं त्यांनी आपापले बिल्ले स्वतःच्या हातानं काढले. त्याच दिवशी लॅरी नाईटची अंत्ययात्रा निघाली.

बिल्ल्याचं दाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडंही पितळी बिल्ले होते. संध्याकाळी फळीवर एखादा उरला की खाली कुणीतरी आहे असं समजायचं.

मी त्या लोकांना चोर म्हणत नाही. पाच दिवस आशा नसताना त्यांनी खणणं सोडलं नाही, आणि सापडल्यावर शेवटचं काही अंतर तर कठीण खडकातून इंचाइंचानं गेले, जोराचा सुरुंग लावला तर वरचं सगळं बसेल म्हणून. म्हणजे माणसं चांगली, यंत्रं चांगली. तरीही ऑक्टोबरच्या दरडीनंतर पुन्हा खाली जायचं केव्हा, हा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हता. तो कागदावर ठरतो आणि ठरवणाऱ्याचा बिल्ला फळीवर नसतो. एवढंच मला त्यातनं घ्यायचं आहे.

शेतकऱ्याला घाई काय असते ते कुणी शिकवायला नको. वापसा आला की दोन दिवसांत तिफण लागली पाहिजे, नाहीतर हंगाम गेला. खळ्यावर रास आहे आणि पश्चिमेकडनं आभाळ आलंय, तेव्हा घरातलं पोर-म्हातारं सगळं धावतं. टोमॅटो तोडून ठेवलाय आणि टेम्पो आला नाही, तर रात्रभर डोळा लागत नाही. ही घाई निसर्गाची. तिच्यात कुणाचा दोष नाही आणि तिच्यापुढं कुणाचं चालत नाही. विहिरीलाही थोडी अशी घाई असते, मृगाच्या आत खडक फुटला नाही तर पाणी भरून काम बुडतं.

पण सोन्याला कसली घाई? ते त्या गारगोटीत माणूस जन्माला यायच्या आधीपासून बसलेलं आहे. सोमवारपर्यंत थांबलं असतं तर नासणार होतं का? त्या दोन मीटरमधलं सोनं शनिवारी जेवढं होतं तेवढंच सोमवारी राहिलं असतं. घाई सोन्याला नव्हती. व्याजाला होती, ठेक्याला होती, महिन्याच्या आकड्याला होती. म्हणून मला वाटतं, कुठल्याही धोक्याच्या कामावर पहिल्यांदा विचारायला पाहिजे, ही घाई कुणाची आहे? निसर्गाची असेल तर सगळे मिळून पळू. हिशोबाची असेल, तर ज्याचा हिशोब आहे त्यानं आधी खाली उतरावं.

यावर लोक मला दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे गरिबालाच गरज असते, तो आपल्या मर्जीनं जातो, तुम्ही त्याला अडवून उपाशी मारणार का. ही गोष्ट मी टाकून देत नाही. जगात एक-दोन कोटी माणसं अशी आहेत की जी कुठल्या कंपनीशिवाय, स्वतःच खड्डे खणून सोनं काढतात, पाऱ्यात कालवून, चुलीवर पारा उडवून. तो धूर पोराबाळांच्या नाकात जातो. त्यांना वर कुणी मॅनेजर नाही, ठेकेदार नाही, तरी ती उतरतात. पोट हाच त्यांचा ठेकेदार. पण म्हणून 'मर्जी' हा शब्द मला पटत नाही. पलीकडची टोळी तयार आहे असं सांगून मागितलेली मर्जी ही मर्जी नव्हे. थांबलो तरी आजचा रोज मिळेल, असं सांगून विचारा, मग बघू किती जण मर्जीनं उतरतात.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. बोल्ट, दुसरी वाट, हवा, सगळं नीट केलं तर लहान खाण परवडत नाही, बंद पडते, आणि आहे ती भाकरी जाते. बीकन्सफील्डची खाण पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाली, गावालाही ती हवीच होती, आणि २०१२ मध्ये बंद झाली. तिथल्या लोकांना नावं ठेवायला मी कोण? पण परवडणं म्हणजे काय याचा विचार झाला पाहिजे. आंध्राकडच्या त्या पोराचा जीव खर्चाच्या बाजूला धरला असता, तर ती खाण तेव्हाही परवडत नव्हती. तो खर्च त्याच्या बायकोनं भरला म्हणून वहीत नफा दिसला. अशी खाण बंद पडली तर पडू द्यावी, हे माझं मत. सोनं आत राहील, कुठं जात नाही.

हे खाणीपुरतंच आहे असं समजू नका. २०१७ साली यवतमाळकडं कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. मास्क का बांधला नाही, हे तेव्हाही विचारलं गेलंच. आमच्याकडं फवारणीची मजुरी पंपावर असते. जितके पंप तितके पैसे. ऑक्टोबरच्या उन्हात, पुरुषभर वाढलेल्या कपाशीत नाकातोंडाला फडकं बांधून माणूस दिवसाला किती पंप मारू शकतो, हे भाव ठरवणाऱ्यानं करून बघितलेलं नसतं.

शिळा पडली की निदान कागद तरी होतो. धुळीचा कागद होत नाही. गारगोटीत सुकं भोक पाडलं की पांढरी बारीक धूळ उडते, दिसतही नाही इतकी बारीक, आणि छातीत जाऊन बसते. भोक पाडताना पाणी सोडलं तर धूळ बसते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाण्याची नळी ओढायला वेळ जातो, पाणी कमी असलं की तीच पहिली बंद होते, आणि मीटरवर काम असलं की माणूस स्वतःच नळी बाजूला ठेवतो. परत घाई. दाजी गावी आले ते खोकलाच घेऊन आले. तालुक्याला टीबीचं औषध दोनदा पूर्ण केलं, गुण आला नाही. पुढं सोलापूरच्या डॉक्टरांनी फोटो बघून विचारलं, दगडाचं काम करत होता का. तोवर खाण सोडून पंधरा वर्षं झाली होती. ठेकेदार वारला होता, आणि दाजींचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं, कारण हजेरी ठेकेदाराच्या टोळीच्या नावानं लागायची. शेवटच्या वर्षी ओसरीपासून गोठ्यापर्यंत जाताना ते दोनदा बसायचे. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आता कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर चालवतो. विहिरींवर भोकं पाडून द्यायचं काम. शेतकऱ्याकडून तो काम उक्तंच घेतो, दुसऱ्या रीतीनं कुणी देतच नाही. पण खालच्या माणसांना तो रोजानं पैसे देतो. सुरुंग झाल्यावर अर्धा तास कुणाला उतरू देत नाही, आणि त्या अर्ध्या तासाचा रोज कापत नाही. भोक पाडताना पाणी सोडतोच. जबाबदारी नसल्याची ती ओळ कागदात असली तर सही करत नाही. आणि त्याची एक अट आहे, की काम सुरू व्हायच्या आधी विहीरमालकानं एकदा यारीच्या बादलीत बसून तळापर्यंत यायचं, कडा बघायच्या, मग वर जायचं. त्याचा भाव अर्थातच जास्त पडतो. मी त्याला म्हटलं, बाबा, पोटाचं बघ. तो म्हणाला, "मामा, बघतोच की. माझ्या एकट्याचं न्हाई, चौघांचं बघतो."

गेल्या उन्हाळ्यात त्याला चार विहिरींची कामं मिळाली. शेजारच्या गावच्या ट्रॅक्टरवाल्याला अकरा. त्यातलं एक काम खरं भाच्याकडंच आलं होतं, एका मोठ्या बागायतदाराचं. इसार घेऊन झाला होता. बादलीत बसायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, मी कशाला उतरू, मी पैसे देतोय की. भाच्यानं इसाराचे पाच हजार तिथंच त्याच्या हातावर ठेवले, कॉम्प्रेसर ट्रॅक्टरला जोडला आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी ते काम अकरावाल्यानं धरलं. वीस दिवसांत विहीर पुरी झाली, कुणाला काही झालं नाही. पाणी चांगलं लागलंय म्हणतात.